बांधून ठेवलेली स्वस्ताई

२७ जुलै २०२५ रोजी टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने (टीसीएस) आपल्या सहा लाखांवर कर्मचाऱ्यांपैकी दोन टक्के, म्हणजे सुमारे बारा हजार माणसे कमी करणार असल्याचे जाहीर केले. ही कपात मुख्यतः मधल्या आणि वरच्या पायऱ्यांवर होईल, असेही कंपनीने सांगितले. पोखरण रोडवरचे यंत्र पार्क आणि घोडबंदर रोडवरच्या हिरानंदानी इस्टेटमधले ऑलिम्पस ही या कंपनीची ठाण्यातली मोठी ठिकाणे. तिथे कामाला जाणारी माणसे कळवा, डोंबिवली, कल्याणपासून थेट बदलापूरपर्यंत राहतात. त्यानंतर दोन महिनेही झाले नव्हते तोच, १९ सप्टेंबरला, अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी नव्या एच-१बी व्हिसाच्या अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क लावणारा आदेश काढला. परदेशातून आणलेले स्वस्त तंत्रज्ञ अमेरिकी माणसांच्या नोकऱ्या घेतात, हे त्याचे सांगितलेले कारण. डोंबिवलीच्या अनेक घरांत या दोन्ही बातम्या एकाच काळजीने वाचल्या गेल्या, कारण एक मूल इथल्या आयटीत आणि दुसरे न्यू जर्सीत किंवा टेक्ससमध्ये, अशी कुटुंबे या पट्ट्यात विरळ नाहीत. पदवी तीच, अनुभवही साधारण तेवढाच. पण इथे राहिलेला पंधरा-वीस वर्षांच्या नोकरीनंतर महाग वाटू लागतो आणि तिकडे गेलेला स्वस्त म्हणून डोळ्यांवर येतो. त्याच वेळी एमआयडीसीतल्या कारखान्यांच्या फाटकांवर तिसरी तक्रार ऐकू येते: ठेकेदार बाहेरच्या राज्यातून पोरे आणतो, ती कमी पैशांत राबतात आणि आमच्या मुलांना काम मिळत नाही. या तिन्ही गोष्टी एकत्र ठेवून पाहिल्या तर एक गोष्ट स्पष्ट दिसते. कुठून आला यावरून माणूस स्वस्त ठरत नाही. त्याला काम सोडून दुसरीकडे जाता येऊ नये अशी व्यवस्था केली जाते, तेव्हा तो स्वस्त पडतो. ही व्यवस्था नियमांनी केलेली आहे आणि नियमांनीच ती मोडता येईल, असे माझे म्हणणे आहे.

आधी अमेरिकेचे पाहू, कारण तिथे ही रचना कागदावर स्वच्छ वाचता येते. एच-१बी व्हिसा १९९० च्या कायद्यातून आला. वर्षाला ६५ हजार आणि अमेरिकी विद्यापीठांतून पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्यांसाठी आणखी २० हजार, अशी त्याची मर्यादा आहे. मंजुऱ्यांत सत्तर टक्क्यांहून अधिक वाटा भारतीयांचा असतो. परदेशी माणसाला त्या भागातला प्रचलित पगार द्यावा, असे कायदा म्हणतो. ऐकायला हे न्याय्यच वाटते. पण प्रचलित पगाराच्या चार पायऱ्या ठरवल्या आहेत. त्या भागात तेच काम करणारी शंभर माणसे पगाराच्या चढत्या क्रमाने उभी केली, तर पहिली पायरी सतराव्या माणसाच्या पगाराशी येते आणि दुसरी चौतिसाव्याच्या. म्हणजे पहिल्या दोन पायऱ्या मधल्या माणसाच्या पगारापेक्षा खालीच आहेत आणि तेवढा पगार देणे कायदेशीर आहे. वॉशिंग्टनच्या इकॉनॉमिक पॉलिसी इन्स्टिट्यूटने २०२० मध्ये दाखवून दिले की एच-१बीच्या सुमारे साठ टक्के जागा या दोन खालच्या पायऱ्यांवरच मंजूर झाल्या होत्या. दुसरी फट १९९८ च्या दुरुस्तीतली. ज्या कंपन्या मोठ्या प्रमाणावर एच-१बीवरच चालतात, त्यांनी अमेरिकी कामगाराला हटवून त्याची जागा भरणार नाही असे लिहून द्यायचे असते. मात्र वर्षाला ६० हजार डॉलर पगार दिला की त्या अटीतून सुटका होते. तो आकडा पाव शतक उलटले तरी तसाच राहिला. २०१४-१५ मध्ये सदर्न कॅलिफोर्निया एडिसन या वीज कंपनीने आपल्या आयटी विभागातील शेकडो माणसे काढून ते काम टीसीएस आणि इन्फोसिसकडे दिले. फ्लोरिडात डिस्नेने सुमारे अडीचशे तंत्रज्ञांना निरोप दिला आणि जाण्यापूर्वी नव्या माणसांना काम शिकवायला लावले. डिस्नेविरुद्धचा दावा न्यायालयात टिकला नाही.

त्या नव्या माणसांत आपली मुले होती, हे मान्य करूनच पुढे बोलले पाहिजे. ती लायक होती, मेहनती होती, आणि त्यांनी कोणाची नोकरी हिसकावण्याचा कट केला नव्हता. पण ती कोणत्या अवस्थेत काम करतात ते पाहा. व्हिसाचा अर्ज मालक करतो. नोकरी गेली तर नवा मालक शोधायला किंवा देश सोडायला साठ दिवस मिळतात. ग्रीन कार्डाच्या रांगेत कोणत्याही एका देशाला सात टक्क्यांहून अधिक वाटा मिळत नाही, त्यामुळे भारतीयांची रांग दशकांची झाली आहे. ही रांग सुरू करणारा अर्जही बहुतेक वेळा मालकाचाच. २००० सालापासून मालक बदलण्याची मुभा कायद्यात आहे खरी, पण ग्रीन कार्डाचे काम अर्ध्यावर असताना ती वापरायची तर बऱ्याचदा सगळे पुन्हा पहिल्यापासून सुरू करावे लागते. अशा माणसाला पगारवाढ मागताना, जादा तासांबद्दल बोलताना, बढती डावलली गेल्यावर भांडताना दहादा विचार करावा लागतो, कारण पणाला लागलेले असते मुलांचे शाळेचे वर्ष, घराचे कर्ज, पत्नीचा कामाचा परवाना. शेजारच्या टेबलावरचा अमेरिकी सहकारी राजीनामा टाकून रस्त्यापलीकडच्या कंपनीत जाऊ शकतो. दोघांच्या पगारात फरक पडतो तो इथे. मालकाला परक्याची आवड असते म्हणून तो परक्याला घेत नाही. जो जाऊ शकत नाही, त्याच्यावर त्याला भरवसा ठेवता येतो.

हा केवळ तर्क नाही, त्याची परीक्षा झालेली आहे. आखाती देशांतली कफाला पद्धत मुंब्रा-कौशापासून रत्नागिरीपर्यंतच्या घरांना चांगली ठाऊक आहे: व्हिसा मालकाच्या नावाशी जोडलेला, आणि त्याच्या ना-हरकत पत्राशिवाय दुसरीकडे काम नाही. २०११ मध्ये संयुक्त अरब अमिरातींनी एक बदल केला. करार संपल्यावर कामगाराला मालकाच्या परवानगीविना दुसरा मालक धरता येईल, अशी मुभा दिली. सुरेश नायडू, यॉ न्यार्को आणि शिंग-यी वांग या तीन अर्थतज्ज्ञांनी त्याचा परिणाम तपासला आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध केला. ज्यांचे करार सुधारणेनंतर संपले त्यांची कमाई दहा टक्क्यांहून अधिक वाढली होती. माणसे तीच, देश तोच, कौशल्य तेच. पाय मोकळे झाले आणि पगार वाढला. आणखी एक गोष्ट या अभ्यासात दिसली, ती मला जास्त बोलकी वाटते. मुभा मिळाल्यावर कामगारांची पळापळ झाली नाही. उलट जुन्याच मालकाकडे टिकून राहणाऱ्यांचे प्रमाण वाढले, कारण आता त्यांना टिकवायचे तर मालकाला पैसे मोजावे लागत होते. कतारनेही २०२० मध्ये ना-हरकत पत्राची अट काढली आणि पुढच्या वर्षी सर्वांना, मग ते कोणत्याही देशाचे असोत, महिना एक हजार रियालचे किमान वेतन लागू केले. स्थलांतरितांमुळे स्थानिकांचा पगार पडतो का, यावर अर्थशास्त्रज्ञांचे भांडण जुने आहे. १९८० मध्ये क्युबातून मायामीत आलेल्या लोंढ्याच्या एकाच घटनेतून डेव्हिड कार्ड आणि जॉर्ज बोर्हास यांनी उलटसुलट निष्कर्ष काढले. हे भांडण संख्येबद्दल आहे. किती आले याइतकेच कोणत्या अटींवर आले हेही तपासले, तर त्यातला बराच गुंता सुटतो.

आता आपल्या दाराशी येऊ. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे एमआयडीसी, १ ऑगस्ट १९६२ ला स्थापन झाले आणि ठाण्याची वागळे इस्टेट ही त्याची पहिली वसाहत. पुढे अंबरनाथ, डोंबिवली, ठाणे-बेलापूर असा पट्टा उभा राहिला आणि त्या पट्ट्याच्या पगारावर डोंबिवली, कल्याण, कळवा ही शहरे वाढली. पर्मनंट कामगाराला तेव्हा काय मिळत होते? भविष्यनिर्वाह निधी, ईएसआयचे कार्ड, दिवाळीला बोनस, युनियनचा करार, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे बँकेने गृहकर्ज द्यावे अशी पगाराची पावती. त्या पावतीवर या भागातली पहिल्या पिढीची घरे उभी आहेत. मग गिरण्या आणि कारखाने एकेक करून गेले: ठाण्यातली रेमंडची गिरणी, कल्याण-शिळ रस्त्यावरची प्रीमियर, आंबिवली-मोहोन्याची एनआरसी. एनआरसी २००९ मध्ये बंद पडली आणि तिच्या हजारो कामगारांना आपल्या थकलेल्या पैशांसाठी वर्षानुवर्षे लढावे लागले. जमिनींना टॉवरचे भाव आले, हे एक कारण. पण जे कारखाने चालू राहिले त्यांच्या आत काय बदलले याकडे आपले लक्ष कमी गेले. देशाच्या वार्षिक उद्योग पाहणीत या शतकाच्या सुरुवातीला कारखान्यांतल्या कामगारांपैकी साधारण पाचवा हिस्सा कंत्राटी होता; आता तो चाळीस टक्क्यांच्या वर गेला आहे. निवृत्त झालेल्या किंवा व्हीआरएस घेतलेल्या पर्मनंट माणसाची जागा पर्मनंट माणसाने भरली गेली नाही. त्याच यंत्रावर, त्याच पाळीत ठेकेदाराचा माणूस उभा राहिला. मालकाने कोणाला घरी पाठवून त्याच्या जागी परका आणला, असे दृश्य इथे क्वचित दिसते. जागाच बदलते, आणि बदललेल्या जागेवर मग परका येतो.

ही बदललेली जागा बेकायदा नव्हे, तर कायद्याच्या कडेकडेने तयार झाली. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याचा हेतू होता की बारमाही स्वरूपाच्या कामात कंत्राट बंद व्हावे. १९९६ मध्ये एअर इंडियाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की कंत्राट बंद झाले तर तो कामगार आपोआप मूळ मालकाचा होतो. ३० ऑगस्ट २००१ रोजी स्टील ऑथॉरिटीच्या प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या पीठाने हा निकाल फिरवला: कंत्राट बंद होईल, पण कामगार आपोआप कायम होणार नाही, कंत्राट दिखाऊ आहे असे त्याने औद्योगिक न्यायालयात सिद्ध करावे. त्या दिवसापासून कंत्राटाविरुद्ध तक्रार करणे म्हणजे हातचे काम घालवणे झाले. ठेकेदाराच्या माणसाला बोलण्याची भीती बसली ती तिथून. आणि हा माणूस परप्रांतीयच असतो असे नाही. मुंबई महापालिकेच्या कचरा वाहतूक कामगारांचे प्रकरण आठवा. ही माणसे मोठ्या प्रमाणात मराठवाड्यातून आणि राज्याच्या इतर भागांतून आलेल्या दलित कुटुंबांतली, म्हणजे राज्यातलीच. ‘हैदराबाद पॅटर्न’ या नावाखाली काम संस्थांना वाटून दिले गेले आणि एकेका संस्थेकडे विसापेक्षा कमी माणसे दाखवली गेली, कारण तेव्हा वीस झाले की कायदा लागू होई. कचरा वाहतूक श्रमिक संघाने वर्षानुवर्षे लढा दिला तेव्हा कुठे एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयातून २,७०० कामगारांच्या कायम नोकरीवर शिक्कामोर्तब झाले. भूमिपुत्रालाही स्वस्त करता येते, याचा याहून ठोस पुरावा मला ठाऊक नाही. विसाची ती मर्यादा महाराष्ट्राने पन्नासवर नेली, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांतही ती पन्नासच आहे. नवी संहिता गाभ्याच्या कामात कंत्राटाला मनाई करते हे स्वागतार्ह. पण सफाई, पहारा, कँटीन, माल चढवणे-उतरवणे ही कामे ती सर्वसाधारणपणे गाभ्याची मानतच नाही.

बाहेरून येणाऱ्यासाठीही आपल्याकडे एक कायदा होता आणि तो आजच्या वादाला नेमके उत्तर देणारा होता. ओडिशातून ‘दादन’ म्हणजे उचल देऊन मजूर नेण्याच्या पद्धतीतले शोषण पुढे आल्यावर १९७९ मध्ये आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा झाला. त्याचे तेरावे कलम सांगत होते की त्याच किंवा तशाच कामासाठी बाहेरून आणलेल्या कामगाराला त्या आस्थापनेतल्या इतरांपेक्षा कमी वेतन देता येणार नाही. चौदाव्या कलमात विस्थापन भत्ता होता, पंधराव्यात गावी जाण्या-येण्याचा खर्च. विचार करा, हा कायदा मनापासून राबवला असता तर बाहेरचा माणूस आणणे स्थानिक घेण्यापेक्षा महाग पडले असते. ठेकेदाराने तो तेव्हाच आणला असता, जेव्हा खरोखर इथे माणूस मिळत नसता. पण कायदा कपाटात राहिला. ठेकेदारांची नोंदणी झाली नाही, त्यामुळे माणसांचीही झाली नाही. मे २०२० मध्ये मुंबई-नाशिक महामार्गावरून कसाऱ्याच्या घाटाकडे चालत निघालेली माणसे आपण पाहिली. भिवंडीहून गोरखपूरला श्रमिक गाडी सोडावी लागली. आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये टाळेबंदीत किती स्थलांतरित दगावले याची माहिती आपल्याकडे नाही, असे केंद्राने संसदेत सांगितले. ज्याची कुठे नोंदच नाही त्याला तेराव्या कलमाचे संरक्षण कोण देणार? आता तो कायदाच रद्द होऊन संहितेत विरघळला आहे. प्रवास भत्ता राहिला, विस्थापन भत्ता गेला, आणि समान वेतनाचे ते स्वच्छ कलम संहितेच्या स्थलांतरितांवरच्या भागात नाही. पूर्वी पाच स्थलांतरित असले की कायदा लागू होई, आता दहा लागतात. स्थानिकांच्या बाजूने बोलणाऱ्या एकाही पक्षाने या गेलेल्या कलमासाठी आवाज उठवल्याचे माझ्या पाहण्यात नाही, याचे मला मनापासून दुःख होते, कारण स्थानिक कामगाराचे ते सर्वांत मोठे कवच होते.

स्वस्ताईत आणखी एक गोष्ट मिळालेली असते, ती पगाराच्या आकड्यात दिसत नाही. डोंबिवली एमआयडीसीत २६ मे २०१६ रोजी प्रोबेस कंपनीत स्फोट झाला आणि बारा जण गेले. २३ मे २०२४ रोजी त्याच वसाहतीत अमुदान केमिकल्समध्ये स्फोट झाला, दहाहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली आणि काहींची ओळख पटवण्यासाठी डीएनए चाचण्या कराव्या लागल्या. रासायनिक कारखान्यात सुरक्षिततेचा पहिला आधार म्हणजे काहीतरी बिघडले आहे हे बोलून दाखवणारा कामगार. व्हॉल्व्ह गळतो, तापमान चढते, काटा हलत नाही, हे सर्वांत आधी त्यालाच कळते. उद्या फाटकातून आत घेतील की नाही याची खात्री नसलेला माणूस हे किती मोठ्याने सांगेल? या वसाहतीला लागून हजारो कुटुंबे राहतात. ठेकेदाराच्या माणसाचे गप्प राहणे त्यांनाही भोवते.

यावर पहिला आक्षेप असा येईल की हे सगळे लांबचे उपाय झाले. ऐंशी टक्के नोकऱ्या स्थानिकांना असा नियम आहेच, तो कडकपणे राबवा म्हणजे झाले. या मागणीमागची वेदना खरी आहे आणि तिला संकुचित म्हणून झटकून टाकणाऱ्यांशी मी सहमत नाही. ज्या गावांच्या जमिनी एमआयडीसीसाठी गेल्या त्या आगरी-कोळी कुटुंबांना कारखान्यात काम मिळावे, हा साधा न्याय आहे. पण १९६८ पासून राज्याचे हे धोरण आहे, २००८ मध्ये पर्यवेक्षकीय पदांत पन्नास आणि इतरांत ऐंशी टक्के असे ते पुन्हा सांगितले गेले, तरी परिस्थिती बदलली नाही. कारण हा नियम डोकी मोजतो, पगार मोजत नाही. कंत्राटात सत्तर दिवस काम आणि मग घरी, अशी नोकरी ऐंशी टक्के स्थानिकांना मिळाली तर पटावरचे प्रमाण पूर्ण होईल, घर चालणार नाही. शिवाय कायद्याने सक्ती करण्याची वाटही अरुंद आहे. हरियाणाने तीस हजारांपर्यंतच्या खासगी नोकऱ्यांत पंच्याहत्तर टक्के आरक्षणाचा कायदा केला. पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने तो नोव्हेंबर २०२३ मध्ये घटनाबाह्य ठरवून रद्द केला.

कल्याणने तर या प्रश्नाचे सर्वांत कडवट रूप पाहिले आहे. नोव्हेंबर २००३ मध्ये आणि पुन्हा ऑक्टोबर २००८ मध्ये रेल्वे भरतीच्या परीक्षेला आलेल्या उत्तर भारतीय मुलांना मारहाण झाली. २००८ मध्ये त्यानंतर झालेल्या आंदोलकांच्या नेत्याच्या अटकेवरून कल्याण-डोंबिवली पेटले आणि पुढच्या काही दिवसांत माणसांचे जीव गेले. मारहाणीचे समर्थन कोणत्याही कारणाने होऊ शकत नाही. पण त्या वादाच्या मुळाशी काय होते ते शांतपणे पाहा. रेल्वेत बिहारचा मुलगा लागला तरी त्याला मराठी मुलाइतकाच पगार मिळणार होता, एका रुपयाने कमी नाही. म्हणजे तिथे स्वस्ताईचा प्रश्न नव्हता. जाहिरात कुठे छापून येते आणि परीक्षा कोणत्या भाषेत होते, हा होता. पुढे भरतीची परीक्षा मराठीसह प्रादेशिक भाषांत घेण्याचा निर्णय झाला, आणि मागणीतला न्याय्य भाग लाठीशिवाय मिळण्यासारखा होता हे सिद्ध झाले. जिथे पगार समान असतो तिथे परक्याविषयीचा राग अशा ठोस, सुटणाऱ्या मागण्यांपर्यंत खाली आणता येतो. पगारात फरक ठेवला की तो राग माणसावर जातो.

दुसरा आक्षेप मालकांचा: मराठी मुलांना ही कामे नकोच आहेत. भट्टीसमोर, डाइंगच्या हौदाशी, इमारतीच्या बाविसाव्या मजल्यावर ती टिकत नाहीत. यात तथ्य असेलही, पण काम आणि कामाच्या अटी यांची इथे सरमिसळ होते. झाडूकाम कोणाला हवे असते? तरी महापालिकेच्या चतुर्थ श्रेणीच्या कायम जागा निघाल्या की पदवीधरांचे अर्ज पडतात. कचरा तोच, वास तोच. हजेरी कोणाच्या पटावर लागते एवढेच बदललेले असते. ज्या मुलाने वडिलांना पर्मनंट नोकरीत पाहिले, तो त्याच फाटकातून दिवसाच्या हजेरीवर, पीएफ कापला जातो पण भरला जात नाही अशा ठेकेदाराकडे आत जायला तयार होत नाही, याला आळस म्हणता येत नाही. गोरखपूर किंवा मालद्याहून आलेल्या मुलाला हे पत्करावे लागते, कारण उचल घेतलेली असते, राहायची खोली ठेकेदाराची असते आणि परतीचे भाडे खिशात नसते. एच-१बीवरच्या अभियंत्याच्या साठ दिवसांची ही इथली आवृत्ती आहे. दोघांचे उत्पन्न, शिक्षण, राहणीमान यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. गाठ एकाच जातीची आहे.

सर्वांत जड आक्षेप लहान कारखानदारांचा आहे आणि त्यावर थोडे थांबले पाहिजे. वागळे इस्टेटमध्ये किंवा डोंबिवलीच्या फेज दोनमध्ये तीस-चाळीस माणसांवर जॉबवर्क करणारा मालक म्हणतो की मोठी कंपनी दर वाढवून देत नाही, पैसे तीन-चार महिन्यांनी देते, वीज महाग आहे, आणि समान वेतन सक्तीचे केले तर वापी किंवा सिल्वासाला जाण्याशिवाय गत्यंतर नाही. त्याची अडचण खरी आहे. पण तो जे सांगतो आहे त्याचा अर्थ असा की वरून आलेला दाब तो खाली ढकलतो, कारण खाली ढकलणे सोपे ठेवलेले आहे. वरचा दाबही नियमाने कमी करता येतो. लघुउद्योगांचे पैसे पंचेचाळीस दिवसांत न देणाऱ्या खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी करातून वजा करता येत नाही, अशी तरतूद एप्रिल २०२४ पासून अमलात आली. ती कडक ठेवावी आणि जॉबवर्कच्या दरांनाही तिचा आधार मिळावा. आणि राज्या-राज्यांतल्या स्पर्धेचे म्हणाल, तर म्हणूनच समान वेतनाचे कलम केंद्राच्या संहितेत परत यायला हवे. गुजरातेतही तेच लागू झाले तर पळून जाण्याचे कारण उरत नाही. दुसऱ्या बाजूला संहितेने मालकाला बरेच काही देऊनही टाकले आहे. कामगार कपात किंवा कारखाना बंद करण्यासाठी सरकारी परवानगी लागण्याची मर्यादा शंभरवरून तीनशे कामगारांवर गेली. या पट्ट्यातले बहुसंख्य कारखाने त्याखालीच येतात. कपातीची भरपाई सेवेच्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन, म्हणजे वीस वर्षे राबलेल्याला तीनशे दिवसांचा पगार. त्यात आणखी पंधरा दिवसांच्या वेतनाची पुनर्कौशल्य निधीतली भर. एवढी मोकळीक मिळाल्यावर समान कामाला समान दाम हे मागणे फार नाही. आयटीतल्या माणसाला तर बऱ्याचदा एवढेही हक्काने मिळत नाही, कारण पर्यवेक्षकाचे काम करणारा आणि महिना अठरा हजारांहून अधिक मिळवणारा माणूस संहितेच्या व्याख्येत ‘कामगार’च ठरत नाही. टीसीएसच्या घोषणेनंतर आयटी कर्मचाऱ्यांच्या संघटनेला केंद्रीय कामगार मंत्रालयाचे दार ठोठावावे लागले, ते याच पोकळीमुळे.

शेवटचा आक्षेप कोणी उघड बोलत नाही, पण तो घराघरांत आहे. एच-१बीने आपल्याला चांगले दिवस दाखवले. त्यातल्या त्रुटी आपण कशाला दाखवायच्या? अमेरिकेने दार बंद केले तर नुकसान आपलेच. माझे उत्तर असे की दार बंद होण्याची वेळ त्या त्रुटींनीच आणली. एक लाख डॉलरचे शुल्क ही लायक माणसाला शिक्षा आहे. त्याने खालच्या पायरीवरचा पगार सुधारत नाही. मात्र त्याच सप्टेंबरमध्ये अमेरिकी सरकारने दुसराही प्रस्ताव मांडला होता: सरसकट सोडतीऐवजी पगाराच्या पायरीनुसार अर्जांना अधिक वजन द्यावे. नवशिक्या पदवीधरावर त्याने अन्याय होईल हे खरे, पण दिशा योग्य आहे. आपल्या मुलांचे हित तिथल्या सहकाऱ्याइतका पगार आणि मालक बदलण्याची खरी मोकळीक मिळण्यात आहे. ती मिळाली तर डिस्नेच्या तंत्रज्ञाला त्यांच्याबद्दल राग धरण्याचे कारण राहणार नाही. आणि तिथे आपण ही मागणी करणार असू तर घोडबंदरच्या बांधकामावरच्या मालद्याच्या मुलासाठी ती नाकारायची कशी?

सुरुवात करायला दिल्लीची वाट पाहण्याची गरज नाही. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या दोन्ही महापालिका स्वतः कंत्राटदार पोसणाऱ्या मोठ्या संस्था आहेत. कचरा, बस, पाणी, सुरक्षा, रुग्णालयांची सफाई अशी कामे ठेकेदारांकडून करून घेतली जातात. निविदेच्या अटी ठरवणे त्यांच्याच हातात असते. त्याच कामावरच्या कायम कर्मचाऱ्याच्या सुरुवातीच्या मूळ वेतनाइतके वेतन, ते थेट खात्यात, महिन्याच्या सात तारखेच्या आत, पीएफ भरल्याची पावती जोडल्याशिवाय ठेकेदाराचे बिल मंजूर नाही, आणि ठेका बदलला तरी माणसे तीच राहतील: एवढ्या चार अटी पुढच्या प्रत्येक निविदेत घालता येतील. त्यासाठी लागणारा पैसा अंदाजपत्रकात दाखवावा लागेल आणि करदात्यांनी तो मान्य करावा लागेल. यात लपवाछपवी नको. एमआयडीसीने भूखंडाचे हस्तांतरण किंवा वापरबदल मंजूर करताना त्या आवारात काम केलेल्या सर्वांची, ठेकेदाराच्या माणसांसकट, देणी चुकती झाल्याचा दाखला मागावा. एनआरसीच्या कामगारांवर आलेली वेळ मग दुसऱ्यांवर येणार नाही. आणि नव्या संहितांखालचे राज्याचे नियम राबवताना महाराष्ट्राने कंत्राटाच्या परवान्यात १९७९ चे तेरावे कलम अट म्हणून परत आणावे. परवाना राज्याचा आहे, अट घालण्याची वाट राज्यालाच शोधता येईल. या जिल्ह्यातून विधानसभेत गेलेल्या आमदारांची संख्या लहान नाही. स्थानिकांच्या नोकऱ्यांवर त्यांच्यापैकी अनेकांनी भाषणे केली आहेत. त्यांनी येत्या अधिवेशनात या एका कलमावर लक्षवेधी मांडावी.